अ‍ॅनिमेशनपटांसाठी गाणी लिहायची आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधली कॉलेजं, बालनाट्याची शिबिरं आणि कवितेचे कट्टे इथून गीतलेखनाबद्दल सतत प्रश्न येतात. त्यातले वरचेवर येणारे इथे एकत्र केले आहेत. शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत, पुढे पैसा आणि करार, शेवटी अडचणीचे अपवाद. घाई असेल आणि हातात करार येऊन पडला असेल, तर आधी प्रश्न ९ आणि १० वाचा.

१. अ‍ॅनिमेशनपटाचा गीतकार वेगळं असं काय करतो? गाणं ते गाणंच ना?

साध्या चित्रपटात गाणं थोडं पडेल असलं तरी चांगली नटी ते नजरेने तारून नेते. अ‍ॅनिमेशनमध्ये ती सोय नाही. पात्राची भुवई उचलली जाते तीसुद्धा कोणीतरी काढलेली असते, आणि ती कुठल्या शब्दावर उचलायची हे चित्रकाराला गाण्यातूनच कळतं. म्हणून कामाचा क्रम असा: आधी कथा, मग स्टोरीबोर्ड म्हणजे प्रसंगांची ओळीने काढलेली कच्ची चित्रं, त्यावर कच्चं गायलेलं स्क्रॅच, मग चित्रं आणि आवाज जुळवून केलेला अ‍ॅनिमॅटिक. तो पसंत पडला की पक्कं रेकॉर्डिंग आणि त्यानंतर खरं अ‍ॅनिमेशन.

एका सेकंदाला २४ फ्रेम धरा. ताल मिनिटाला १२० ठोक्यांचा असेल तर एका ठोक्याला १२ फ्रेम येतात, ९० चा असेल तर १६. पक्क्या रेकॉर्डिंगनंतर तुम्हाला ओळीत चार ठोक्यांचा एखादा तुकडा वाढवावासा वाटला, तर ९० च्या तालात ६४ फ्रेमचं काम कोणाच्या तरी डोक्यावर पडतं. त्यामुळे गीतकार कथेच्या टेबलावर पहिल्यापासून बसलेला असावा लागतो. शेवटी बोलावून ‘चार ओळी द्या’ म्हणण्याचं हे काम नाही.

२. आधी चाल होते की आधी शब्द?

दोन्ही होतं. पण सगळ्यात आधी प्रसंग ठरतो: पात्र गाण्यात शिरताना कुठे आहे आणि बाहेर पडताना कुठे. हे एका वाक्यात सांगता आलं नाही तर ना चाल सुचवा, ना शब्द. आपल्याकडे बहुतेक वेळा संगीतकार चाल पाठवतो, त्यावर ‘ला ला’ किंवा अर्थ नसलेले डमी बोल असतात आणि आपण मीटरवर, म्हणजे चालीच्या मापात, लिहितो. चालीवर लिहायचा सराव रोज करा. मुक्तछंदात हात बसलेल्यांना इथे पहिले काही महिने जड जातात.

३. मी कविता लिहिते, दोन संग्रह झाले आहेत. त्या कविता पाठवल्या तर चालतील का?

ओळख म्हणून पाठवा, काम म्हणून नको. कविता एखाद्या क्षणात थांबू शकते. चित्रपटातल्या गाण्याला तिथे थांबून चालत नाही, गाणं संपेपर्यंत कथा पुढे सरकलेली हवी.

एक प्रसंग घेऊ. निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. हिवाळा इथे काढलेले चक्रवाक परत उत्तरेला निघाले आहेत. पहिल्यांदाच आलेलं एक पिल्लू हिमालय पुन्हा ओलांडायला घाबरतंय आणि मागे राहतंय. शिबिरांत या प्रसंगावर बहुतेक जण पहिल्या झटक्यात असं लिहितात:

किती सुंदर हे तळं, किती निळं पाणी,
पाखरांच्या कंठी गोड गोड गाणी.

ओळी वाईट नाहीत. पण पिल्लू होतं तिथेच आहे. चित्रकाराने काढायचं काय? तळं आणि पाणी. आता हे पाहा:

मला नको डोंगर, मला नको वारा,
इथेच माझा गाळ, इथेच माझा चारा.
थवा गेला? जाऊ दे. मोजीन एकेक तारा.
एक… दोन… आई कुठल्या ताऱ्याखाली?

पहिल्या दोन ओळींत पिल्लू हट्टाने पाय रोवून उभं आहे. तिसरीत मान वर जाते. चौथीत मोजणं अडतं, यमक मोडतं आणि त्याच जागी त्याचं मनही मोडतं. आता त्याला जायचंय, फक्त ते त्याने अजून कबूल केलेलं नाही. चित्रकाराला चार ओळींत चार हालचाली मिळाल्या आणि दिग्दर्शकाला पुढचा प्रसंग मिळाला. यमक मोडायची हिंमत अशाच जागी करायची, एरवी ते चोख हवं, कारण मुलांचा कान ढिलं यमक लगेच पकडतो.

ही रीत आपल्याला परकी नाही. संगीत नाटकातलं चांगलं पद प्रवेश पुढे नेतंच. जमतील तेवढी जुनी नाटकं पदांसकट वाचा आणि प्रत्येक पदाआधी पात्राला काय हवं होतं, पदानंतर काय हवं आहे, ते समासात लिहून काढा. परदेशातही हे कौशल्य रंगभूमीवरूनच आलं. १९८९ च्या ‘द लिटल मर्मेड’ची गाणी लिहिणारे हॉवर्ड अ‍ॅशमन न्यूयॉर्कच्या छोट्या नाट्यगृहांत घडले होते. नायिकेने आपली इच्छा एकटीने गाऊन दाखवायची, ही नाटकातली जागा त्यांनी त्या चित्रपटात आणली. अर्धवट चित्रांच्या चाचणी खेळात मुलं चुळबुळली म्हणून नेमकं तेच गाणं कापायचं चाललं होतं. अ‍ॅशमन आणि दिग्दर्शक हटले नाहीत, गाणं राहिलं.

४. मुलांसाठी लिहायचं म्हणजे सोपे शब्द वापरायचे ना?

सोपं गाता येईल असं लिहायचं, ते वेगळं. अनोळखी शब्दाला मूल घाबरत नाही. न गाता येणाऱ्या शब्दाला मात्र अडखळतं. द्रुत लयीत लागोपाठ जोडाक्षरं आली की जीभ अडकते. बोलताना आपण ‘घर’मधला शेवटचा अ गिळतो, गाताना तो बऱ्याचदा परत उगवतो. म्हणून मात्रा कागदावर मोजून भागत नाही, मोठ्याने म्हणूनच पाहावं लागतं.

लहान मुलांच्या गाण्यात चिऊ, काऊ, छान छान, गोड गोड भरून काम भागवणं मला मनापासून नापसंत आहे. ज्या मुलांनी आजीकडून जात्यावरच्या ओव्या ऐकल्या, त्यांना कोणी सोपं करून दिलं नव्हतं. शिवाय शेजारच्या खुर्चीत आई, बाबा, आजोबा बसलेले असतात. त्यांनाही त्या ओळीत काहीतरी सापडायला हवं. फक्त त्यासाठी द्व्यर्थी विनोदाच्या वाटेला जाऊ नका. निर्मात्याला ‘यू’ प्रमाणपत्र हवं असतं, आणि आता ‘यूए’चेही ७+, १३+, १६+ असे वयोगट झाले आहेत. एखादी ओळ वयोगट वर ढकलत असेल तर ती रेकॉर्डिंगच्या आधीच जाईल.

५. मला पेटीसुद्धा वाजवता येत नाही. संगीत शिकावं लागेल का?

वादक व्हायची गरज नाही. सम, म्हणजे तालाचा पहिला ठोका, कुठे आहे हे कळायला हवं, आणि स्वर लांबणार आहे तिथे कुठलं अक्षर ठेवायचं, हे कळायला हवं. प्रश्न ३ मधली शेवटची ओळ ‘ताऱ्याखाली’वर संपते. संगीतकाराने तिथे वरचा स्वर लांबवायचं ठरवलं तर ‘ली’मधली ई गळा आवळते आणि पात्राचं तोंडही बारीक फटीसारखं दिसतं. मग ओळ ‘आई कुठल्या ताऱ्याखाली उतरणार?’ अशी करायची. ‘णा’ वर कितीही थांबा, गळाही मोकळा आणि पडद्यावरचं तोंडही उघडं.

आणखी एक सवय लावून घ्या. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि गाणारे पुष्कळदा अमराठी असतात. ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ एकाच ओळीत आले की गडबड ठरलेली. बोलांच्या कागदावर अशा अक्षरांना खूण करा आणि स्वतः म्हणून दाखवलेला आवाज सोबत पाठवा.

६. नाशिकला राहून हे जमतं का? की मुंबई गाठावीच लागते?

लिहिणं इथून होतं. चाल फोनवर येते, बोल फोनवर जातात. पण कथेच्या बैठकीला आणि रेकॉर्डिंगला समोर असणं फार महत्त्वाचं आहे, कारण शब्द बदलायची वेळ माइकसमोरच येते आणि तुम्ही नसाल तर तिथे जो असेल तो बदलतो. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून स्टुडिओ गाठता येतो. पुण्यातही अ‍ॅनिमेशनचं काम चालतं.

घडण्यासाठी नाशिकसारखं गाव नाही, हे मी अभिमानाने सांगेन. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, कालिदास कलामंदिरात नाटकं होतात, शिरवाडकर आणि कानेटकर इथेच राहून लिहीत होते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी तर १९१५ मध्येच आगकाड्या फ्रेम-फ्रेमने हलवून छोटा चित्रपट केला होता. तो मूकपट होता, त्यामुळे आपल्या गीतकाराला तिथे जागा नव्हती! बालनाट्याच्या एखाद्या गटाला गाणी लिहून द्या. तिसऱ्या रांगेतलं मूल कुठल्या कडव्याला मागे वळून आईशी बोलायला लागतं, हे बघण्यासारखी दुसरी शाळा नाही.

७. पहिलं काम कसं मिळतं? नमुना म्हणून काय पाठवू?

तीन गाणी पुरे. एकात पात्राला काहीतरी हवं आहे, एकात दोघांचं भांडण आहे, एक निखळ धमाल. प्रत्येकाच्या आधी दोन ओळींत प्रसंग लिहा. गाणी साध्या आवाजात म्हटलेली असली तरी चालतात, पण ऐकता आली पाहिजेत. नुसते बोल वाचायला कोणाला वेळ नसतो. पाठवण्याआधी बोल मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवून ठेवा, तिथे गीतकारांना सदस्य होता येतं. हक्क नोंदणीमुळे मिळत नाही, तो लिहिल्याक्षणीच असतो. नोंदणी हा तारखेचा पुरावा.

सगळ्यात दुर्लक्षित दार म्हणजे अ‍ॅनिमेशन शिकणारे विद्यार्थी. त्यांना शेवटच्या वर्षाला छोटी फिल्म करायची असते आणि गाणं लिहायला कोणी नसतं. आज त्यांच्याशी जमलेली जोडी पुढे खूप लांब जाते.

८. माझं गाणं पाचव्यांदा परत आलंय. माझंच चुकतंय का?

बहुधा नाही. कथा बदलते म्हणून गाणं बदलतं. कधी उलटंही होतं: २०१३ च्या ‘फ्रोझन’मध्ये बर्फाची राणी आधी खलनायिका होती. क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या जोडप्याने तिच्यासाठी लिहिलेलं एकटीचं गाणं ऐकल्यावर पात्रच बदललं आणि पटकथा त्याप्रमाणे फिरवली गेली. त्याच गाण्याला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं. चांगल्या गाण्याची ताकद एवढी असते.

गाणं परत आलं की ‘कुठली ओळ आवडली नाही’ असं विचारू नका. ‘या गाण्यानंतर पात्राने काय करायचं आहे’ हे विचारा. आणि किती खर्डे मानधनात धरले आहेत ते करारात आधीच लिहून घ्या. मानधन टप्प्यांत मागा: सही, पहिला खर्डा, पक्के बोल, रेकॉर्डिंग. म्हणजे गाणं पुढे कापलं गेलं तरी केलेल्या कामाचे पैसे मिळालेले असतात. हातात येणाऱ्या रकमेतून सहसा १० टक्के टीडीएस कापलेला असतो, विवरणपत्र भरताना तो हिशोबात घ्या.

९. रॉयल्टी खरंच मिळते का, की नुसतं ऐकायचं?

मिळते, पण आपोआप घरी चालत येत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये बदल झाला. तेव्हापासून चित्रपटातल्या गाण्याच्या गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा मिळायचा हक्क आहे, आणि तो सोडून देता येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला सोपवता येतो, बाकी कोणाला नाही. यात चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजतं ते धरलेलं नाही. टीव्ही, रेडिओ, ऑनलाइन, समारंभ हे सगळं धरलेलं आहे.

वसुली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते, म्हणजे आयपीआरएस. १९६९ पासूनची संस्था आहे. सदस्य व्हा आणि प्रत्येक गाणं वेगळं नोंदवा: चित्रपटाचं नाव, सहलेखक, संगीतकार, वाटे. गाणं नोंदवलेलंच नसेल तर ते कितीही वाजलं तरी पैसे तुमच्यापर्यंत पोचायला वाट नसते. बालगीतं वर्षानुवर्षं स्नेहसंमेलनांत वाजत राहतात, त्यामुळे आपल्यासारख्यांसाठी ही नोंद फार मोलाची आहे.

१०. करारात लिहिलंय, ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी निर्मात्याकडे’. सही करू का?

तसं वाक्य बहुतेक करारांत असतं, त्याने घाबरून काम सोडू नका. रॉयल्टी सोडल्याचं कलम असेल तर ते कायद्यापुढे टिकत नाही (प्रश्न ९ पाहा). करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्यातला वापर स्पष्ट उल्लेखाशिवाय देता येत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत.

तीन गोष्टी आग्रहाने घाला: श्रेयनामावलीत आणि ऑनलाइन यादीत नाव, तुम्हाला न विचारता बोल बदलायचे नाहीत, आणि न वापरलेलं गाणं किती दिवसांनी परत. रात्री मेल करून सकाळी सही मागणाऱ्याला दोन दिवस थांबायला सांगा आणि करार वकिलाला दाखवा. हे सांगायला नवख्या माणसाला संकोच वाटतो, ते समजतं. तरी सांगा.

११. परदेशी अ‍ॅनिमेशनपटाची गाणी मराठीत करायची असतील तर?

हे वेगळंच कसब आहे आणि मला त्याबद्दल फार आदर आहे. चित्र तयार आहे, पात्राचं तोंड हलून झालेलं आहे, आता त्या तोंडात मराठी बसवायची. आधी आवाज बंद करून गाणं पाहा आणि ओठ मिटतात तिथे खुणा करा. जवळच्या दृश्यात त्या जागी प, फ, ब, भ, म यापैकी काहीतरी आलंच पाहिजे. तोंड मोठं उघडं राहतं तिथे आ किंवा ए. पात्र पाठमोरं असेल किंवा लांब असेल तिथे मोकळीक घ्या, अर्थाची भरपाई तिथे करा. शब्दाला शब्द ठेवायच्या नादी लागू नका. पात्राला काय हवंय तेवढं धरून ठेवा.

शीर्षकगीत त्यामानाने मोकळं असतं, कारण तिथे सहसा कोणी ओठ हलवत नाही. जपानमध्ये तयार झालेल्या जंगल बुकच्या मालिकेला दूरदर्शनसाठी गुलजार आणि विशाल भारद्वाज यांनी हिंदी शीर्षकगीत दिलं. ती मालिका न आठवणाऱ्यांनाही ते गाणं पाठ आहे. हक्कांच्या बाबतीत मात्र मूळ गाण्याची परवानगी ज्याच्याकडे आहे त्याच्या अटी लागू होतात, म्हणून भाषांतरकार म्हणून नाव लागणार का, हे आधीच विचारा.

१२. मराठीत असे चित्रपट निघतात तरी किती? यावर घर चालेल का?

पूर्ण लांबीचे मराठी अ‍ॅनिमेशनपट क्वचित निघतात. फक्त त्यांच्यावर घर चालणार नाही. मालिकांची शीर्षकगीतं, डबिंग, जाहिरातींची जिंगल्स, शैक्षणिक फिती, ऑनलाइन बालगीतं, बालनाट्य हे सगळं मिळून काम उभं राहतं. हातची नोकरी लगेच सोडू नका.

१३. कुसुमाग्रजांच्या ओळी किंवा बहिणाबाईंची ओवी गाण्यात घेतली तर चालेल?

दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत परवानगी लागेल. नाशिकचेच स्वातंत्र्यकवी गोविंद १९२६ मध्ये गेले, त्यांच्या कविता मोकळ्या आहेत. बहिणाबाईंचा अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे: त्या १९५१ मध्ये गेल्या आणि कविता १९५२ मध्ये छापल्या गेल्या. मरणोत्तर प्रकाशित झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, त्यामुळे ती मुदत २०१२ अखेर संपली.

पारंपरिक ओव्या कोणाच्या मालकीच्या नाहीत, पण कोणी त्यांना दिलेली नवी चाल त्या संगीतकाराची असते. आणि मुदत संपली असली तरी श्रेयनामावलीत मूळ नाव घाला. ते आपलं देणं आहे.

१४. आमच्याकडे बागलाणात अहिराणी बोलतात. पात्राला अहिराणीत गाऊ दिलं तर चालेल?

चालेल आणि छान होईल, अट एकच: अहिराणी बोलणारं पात्र केवळ हसवण्यापुरतं नको. नायिकेची इच्छा, तिचं रडणं, तिचा राग अहिराणीत येऊ द्या. बोल घरात अहिराणी बोलणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, कारण सटाण्याची आणि धुळ्याची अहिराणी सारखी नाही.

१५. गाणं लहान मुलीच्या आवाजात हवं आहे. शेजारच्या मुलीकडून गाऊन घेऊ का?

कच्च्या स्क्रॅचसाठी, घरच्यांना विचारून, जरूर. व्यावसायिक रेकॉर्डिंगला मात्र बालकलाकारांचे नियम पाळावे लागतात. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या उत्पन्नातले किमान २० टक्के त्याच्या नावावर मुदत ठेवीत टाकावे लागतात. पालकांनी ते विचारायलाच हवं. अ‍ॅनिमेशनपट पुरा व्हायला वर्षं लागतात आणि मुलग्यांचा आवाज मध्येच फुटतो, म्हणून मुलांची पक्की गाणी आधी उरकून घ्यावीत.

१६. गाणं दिलं, पैसेही आले, पण चित्रपट कधी झालाच नाही. ते गाणं आता माझं का?

करारावर अवलंबून आहे. हक्क घेणाऱ्याने ते एका वर्षात वापरले नाहीत तर ते संपतात, असं कायदा सांगतो. पण करारात वेगळं लिहिलं असेल तर करार चालतो, आणि अ‍ॅनिमेशनच्या करारांत ते वेगळं लिहिलेलंच असतं, कारण एका वर्षात कुठलाच चित्रपट होत नाही. आधी ते कलम शोधा. मुदत संपली असेल तर निर्मात्याकडून तसं लेखी घ्या. चाल संगीतकाराची आहे, त्यामुळे बोल परत आले तरी चालीसाठी त्याच्याशी स्वतंत्र बोलावं लागेल. पात्रांची नावं आणि गोष्ट चित्रपटाचीच राहतात, त्या ओळी नव्याने लिहाव्या लागतील. उरलेलं गाणं बालनाट्यात, संग्रहात, कुठेही वापरायला तुम्ही मोकळे.